मांजराला घरी सलाईन: मेडिकलमधून आणलेल्या सामानाची झाडाझडती

किडनी कमजोर झालेल्या मांजराला घरीच कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा तीनच ओळी येतात: आरएल (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) ५०० मिली, आयव्ही सेट (बाटलीपासून सुईपर्यंतची नळी), सुई. मेडिकलवाला हाताला लागेल ते काढून देतो. त्याचा दोष नाही. हे सगळं सामान माणसासाठी, शिरेतून द्यायला बनलेलं असतं, आणि तो ते त्यासाठीच देतोय असं धरून चालतो. मांजराच्या पाठीवरच्या सैल कातडीखाली १०० मिली पाणी, ते मांडीवरून उठून जायच्या आत उतरवायचं, हे काम निराळं आहे. म्हणून इथे एकेक वस्तू तपासली आहे: कोणती घ्यावी, कोणती परत करावी, पैसे कुठे घालावेत. निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे सुईत घाला, बाकी सगळं स्वस्तातलं चालतं.

आधी रिपोर्ट, मग बाटली

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढलं की लगेच सलाईन, असं नसतं. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजे आयरिस, या संस्थेच्या वर्गवारीत मांजराचं क्रिएटिनिन १.६ मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा. पण हा आकडा अंगात पुरेसं पाणी असताना काढलेला हवा. दोन दिवस उलट्या करून सुकलेल्या मांजराचं क्रिएटिनिन ४ येऊ शकतं आणि दवाखान्यात ड्रिप लागल्यावर २.२ वर उतरू शकतं. अशाला तिसऱ्या टप्प्यातलं समजून जन्मभर टोचत बसण्यात अर्थ नाही. सोबत एसडीएमए ही किडनीचीच दुसरी रक्तचाचणी आणि लघवीची घनता बघावी, घनता १.०३५ च्या खाली असेल तर किडनी लघवी घट्ट करू शकत नाहीये असा संशय पक्का होतो. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन मोजल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं धरू नका, आणि मांजर म्हातारं असेल तर थायरॉइडची टी-४ चाचणीही त्याच रक्तात उरकून घ्या.

घरच्या सलाईनचा खरा उपयोग तिसऱ्या टप्प्यापासून पुढच्या, वारंवार सुकणाऱ्या, बद्धकोष्ठ होणाऱ्या मांजरांना. दुसऱ्या टप्प्यातल्या खात्यापित्या मांजराला ओलं खाणं पुरतं. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ८० टक्के पाणी धरलं तर ६८ मिली होतं. दिवसाला दोन पाऊच खाणारं मांजर सलाईनच्या एका खेपेपेक्षा जास्त पाणी तोंडानेच घेतं, तेही न टोचता. शिवाय सलाईनमधून मीठही जातं. १०० मिली आरएलमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. वरचा रक्तदाब १६० च्या पुढे असेल किंवा हृदयाची भिंत जाड झाली असेल, तर हा हिशेब डॉक्टरांनी आधी मांडायला हवा. डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यात जादा आवाज, ऐकू आली असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्याशिवाय घरी बाटली टांगू नये.

आणि तीन प्रसंगी हे सामान कपाटातून काढूच नका. बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवीचा थेंब येत नाही: मूत्रमार्ग तुंबलाय, सलाईनने फुगलेल्या मूत्राशयावर आणखी भार पडतो, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. त्याला काही तासांच्या आत कॅथेटर, म्हणजे लघवी मोकळी करणारी नळी, लागतो. दुसरा प्रसंग, बाल्कनीतून पडलेलं किंवा गाडीचा मार बसलेलं मांजर. शॉकमध्ये कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे कातडीखाली सोडलेलं पाणी जागच्या जागी साचून राहतं. तिथे शीरच हवी. तिसरा, तोंड उघडून धापा टाकणारं मांजर. त्याच्या छातीत आधीच पाणी असू शकतं.

बाटली

लेबलवर ‘कंपाउंड सोडियम लॅक्टेट इंजेक्शन आय. पी.’ असं लिहिलेलं असतं, आणि रिंगर लॅक्टेट हे ओळखीचं नाव त्याच्या खाली किंवा शेजारी. लिटरमागे सोडियम साधारण १३१, पोटॅशियम ५, क्लोराइड १११ आणि लॅक्टेट २९ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं आणि किडनीच्या मांजराच्या रक्तातली आम्लता थोडी सावरते. म्हणून पहिली पसंती आरएललाच. एनएस, म्हणजे ०.९ टक्के मीठपाणी, अडीनडीला चालतं. पण त्यात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही १५४, पोटॅशियम शून्य, आणि मांजरं त्याने जास्त चुळबुळतात.

डी-५ आणि डीएनएस या साखरेच्या बाटल्या. या कातडीखाली द्यायच्या नाहीत. डी-५ मध्ये क्षार नसल्यामुळे ते उलट रक्तातलेच क्षार कातडीखालच्या डबक्यात ओढून घेतं, म्हणजे सुकलेलं मांजर आणखी ढासळतं. वर साखरपाणी जंतूंना पोसतं ते वेगळं. एकाच कंपनीच्या या सगळ्या बाटल्या बहुधा एकाच साच्यातल्या असतात, फरक काय तो लेबलवर. बिल होण्याआधी लेबल वाचा, घरी टांगताना पुन्हा वाचा. ॲसिटेट असलेले महागडे ‘बॅलन्स्ड’ द्रव शिरेतून उत्तम, पण कातडीखाली झोंबतात. जास्त पैसे देऊन मांजराचा राग विकत घ्यायचं कारण नाही.

आकार ५०० मिलीचाच घ्यावा. आत जंतुरोधक काही नसतं, त्यामुळे एकदा टोचलेली बाटली जितकी लवकर संपेल तितकी बरी. १०० मिलीच्या हिशेबाने ५०० ची बाटली पाच खेपांत उरकते. लिटरची बाटली स्वस्त पडते खरी, पण दिवसाआड देणाऱ्याकडे ती तीन आठवडे लटकत राहते, आणि उन्हाळ्यात बंद खोलीत लटकलेली ती बाटली म्हणजे जंतूंची शेती. आमचा दंडक: टोचल्यापासून आठवडा, त्यापुढे शिल्लक ओतून टाकायची. गढूळपणा, तरंगणारा कण, टोपणापाशी चिकटपणा, यांपैकी काही दिसलं तर पहिल्या दिवशीही फेकायची.

आता प्लास्टिकच्या अर्धकडक बाटलीची मूळ खोड. पाणी बाहेर पडतं तशी आत हवा जायला हवी, नाहीतर बाटली आत दबते आणि धार मरते. पहिले २०० मिली झरझर जातात, मग थेंब मोजावे लागतात, आणि सगळे सुईला दोष देतात. वॉर्डात यावर तोडगा म्हणून बाटलीच्या वरच्या बाजूला एक सुई खुपसतात. तासाभरात संपणाऱ्या बाटलीला ते ठीक. आठवडाभर वापरायच्या बाटलीला ते खोलीतल्या धुळीसाठी उघडं दार आहे. त्यापेक्षा मऊ पिशवी घ्यावी, ती आपोआप चपटी होते. ती मिळत नसेल तर हवेची खिडकी असलेला सेट घ्यावा.

किती गेलं हे बाटलीवरच्या रेघांवर मोजू नका. दबलेल्या बाटलीत पातळी खोटी दिसते आणि २०-३० मिलीचा फरक सहज पडतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. आरएलचा एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम. सुरू करण्याआधी बाटली सेटसकट ५३० ग्रॅम भरली आणि नंतर ४३०, तर १०० मिली गेलं. या सगळ्या सामानात इतकं अचूक आणि फुकटचं मोजमाप दुसरं नाही. फक्त नळी दोन्ही वेळेला भरलेली असली पाहिजे, आणि काट्यावरून नळी खाली लोंबकळू द्यायची नाही.

सेट

पाकिटावर ‘२० थेंब = १ मिली’ लिहिलेला साधा मॅक्रो सेट. ‘मायक्रो’ किंवा ‘पेडिया’ सेटवर ६० थेंबांना १ मिली असतं. बाळाच्या शिरेला तो योग्य, आपल्या कामाला कासव. अचूक माप हवं म्हणून काही जण ब्युरेट सेट घेतात, ज्यात मध्ये १०० मिलीची खुणा केलेली नळकांडी असते. माप खरंच चोख मिळतं, पण बहुतेक ब्युरेट सेट मायक्रो थेंबांचे असतात. म्हणजे वजनकाट्याने जे फुकट मिळतं त्यासाठी जास्त पैसे मोजून वेग घालवायचा. घेऊ नका.

सेटमध्ये बघायच्या गोष्टी दोनच. एक, शेवटचं टोक: ल्युअर लॉक, म्हणजे सुई फिरवून घट्ट बसते असं हवं. साध्या दाबून बसवायच्या टोकातून सुई ऐन वेळी निसटते. मांजराच्या पाठीत सुई तशीच आणि नळीतून धार चादरीवर, हा प्रकार होतो तो यामुळेच. दुसरी गोष्ट, ड्रिप चेंबरच्या, म्हणजे थेंब पडताना दिसतात त्या पारदर्शक नळकांडीच्या, वर हवेची खिडकी आणि तिच्यावरचं छोटं झाकण. अर्धकडक बाटलीला ते झाकण उघडं ठेवायचं, मऊ पिशवीला बंद. झाकण उघडायचं विसरणं हे धार न येण्याचं पहिलं कारण आहे, तेवढं बघूनच पुढच्या चौकश्या करा.

टोकाजवळचा तो रबरी फुगा औषध टोचण्यासाठी असतो. घरी त्याचं काही काम नाही, त्याला हात लावू नका. घडी घातलेल्या नळीला पाकिटातल्या पिळाच्या खाचा पडलेल्या असतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं धरली की सरळ होते. सेट बाटलीबरोबरच बदलायचा. जुना सेट नव्या बाटलीत खुपसून वाचवलेले पैसे पुढे गळू झाल्यावर अँटिबायोटिकला जातात.

सुई

आता मुद्द्याची वस्तू. अनेक सेटच्या पाकिटात एक सुई फुकट येते, बहुधा २१ गेज, दीड इंची. ती बाजूला काढून ठेवा.

गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते. साध्या १८ गेजच्या सुईचा आतला व्यास सुमारे ०.८४ मिमी, २० गेजचा ०.६० आणि २१ चा ०.५१. फरक किरकोळ वाटतो, पण तत्त्वतः प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो: व्यास निम्मा केला तर धार निम्मी नव्हे, सोळावा हिस्सा होते. प्रत्यक्षात नळी आणि बाटलीही आडव्या येतात म्हणून इतका फरक दिसत नाही, तरी १८ ने जे काम तीन ते पाच मिनिटांत होतं, त्याला २१ ने दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मांजराचा संयम त्याच्या कितीतरी आधी संपतो.

मग सगळ्यांनी १८ घ्यावी का? तसंही नाही. १८ चं भोक मोठं, टोचताना कळतं आणि सुई काढल्यावर तिथून पाणी गळतं. आमची निवड २० गेज, आणि मिळाली तर एक इंची, पातळ भिंतीची, जिला थिन-वॉल म्हणतात ती. बाहेरून जाडी २० चीच, पण भिंत पातळ असल्याने आतलं भोक मोठं: टोचणं २० चं आणि वेग जवळपास १९ चा. टेरुमो कंपनीच्या अशा सुया मांजर पाळणाऱ्यांत जगभर नावाजलेल्या आहेत. साध्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाहीत, सर्जिकल दुकानात विचारावं किंवा ऑनलाइन शंभराचा खोका मागवावा. एकेका सुईमागे पडणारा जादा खर्च एका पाऊचच्या किमतीपुढे काहीच नाही. डिस्पोव्हॅनची २० गेज कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते आणि रोजच्या कामाला ठीक आहे. जे मांजर तीन मिनिटांवर थांबतच नाही, त्याला १८ आणि वर गळतीची तयारी.

लांबीकडे कुणी बघत नाही. दुकानात १८ ते २१ गेज बहुतेक दीड इंचीच मिळते, म्हणजे ३८ मिमी. ती स्नायूपर्यंत पोचायला बनलेली असते. चार किलोच्या मांजराच्या कातडीचा चिमटा तेवढा खोल नसतो, सुई पलीकडच्या बाजूने बाहेर येते आणि सगळं पाणी केसांत जातं. दीड इंचीच हाताशी असेल तर निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि बाहेरचा भाग बोटांत धरून ठेवायचा.

रंगाची एक गफलत नेहमीची. सुईच्या बुडाचा रंग गेज सांगतो: १८ गुलाबी, २० पिवळी, २१ हिरवी, २२ काळी, २३ निळी. पण शिरेत ठेवायच्या कॅन्युलाचे रंग वेगळे: तिथे गुलाबी म्हणजे २०, हिरवी १८, निळी २२, पिवळी २४. ‘मागच्या वेळी दिलीत तशी गुलाबी द्या’ असं सांगून आणलेल्या पाकिटातून भलतंच निघतं ते यामुळे. रंग सांगूच नका. ‘हायपोडर्मिक सुई, २० गेज, एक इंच’ असं कागदावर लिहून न्या.

स्काल्प व्हेन, म्हणजे बटरफ्लाय, ही वळवळ्या मांजरांसाठी खरोखर कामाची चीज आहे. सुई आखूड, दोन पंख धरायला सोपे, आणि पाठीमागची मऊ नळी ढील देते, त्यामुळे मांजर हललं तरी सुई आत टिकते. दोष एवढाच की ती नळी बारीक असते आणि धार मंदावते. १९ किंवा २० गेजची मिळाली तरच गुरुत्वाकर्षणावर चालेल. २३ ची निळी घेतलीत तर सोबत ५० मिलीची सिरिंज लागेल. सिरिंजने रेटून देणं छोट्या पिल्लांना आणि ५० मिलीच्या आतल्या मात्रेला सोयीचं, पण दर वेळी बाटलीतून उपसताना एक जोडणी उघडी पडते, म्हणजे जंतूंना एक संधी वाढते.

एक सुई, एकदाच. पहिल्या टोचण्यातच टोक किंचित वाकतं. दुसऱ्यांदा ती कातडी चिरत नाही, फाडते. मांजर ‘आजकाल फार त्रास देतं’ अशी तक्रार असेल तर आधी हे विचारा की सुई कितव्यांदा वापरताय. टोचलं आणि मांजर उडालं, सुई बाहेर आली, तर तीच सुई पुन्हा नाही, नवीन लावा. म्हणून दर खेपेला दोन सुया बाहेर काढून ठेवाव्यात.

देताना

बाटली मांजराच्या वर तीन-साडेतीन फूट. पडद्याच्या दांड्यावर अडकवलेला स्टीलचा एस-हुक पुरतो. सलाईनचा स्टँड विकत घेणं हौस आहे. प्रेशर बॅग, म्हणजे फुगवून दाब देणारी पिशवी, मऊ पिशवीवरच चालते आणि २० गेज असेल तर तिची गरजही पडत नाही.

बाटली गरम पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून अंगाच्या तापमानाला आणावी, ३७-३८ अंश. मायक्रोवेव्हमध्ये नको, कुठे उकळतं, कुठे थंडच राहतं. मग नळीतली हवा काढताना थोडं पाणी मनगटावर सोडून बघा: ना गार, ना गरम लागलं पाहिजे. बाटली गरम असली तरी नळीत थांबलेलं पाणी गार होतं आणि मांजराला पहिला घोट तोच मिळतो. पहिल्याच क्षणी मांजर उडतं त्याचं कारण बरेचदा हे असतं, सुई नव्हे.

जागा: दोन खांद्यांच्या मधोमध किंवा थोडी बाजूला, फासळ्यांवर. रोज तीच जागा नको. अंगठा आणि मधल्या बोटाने कातडी वर उचलून तंबू करा, तर्जनीने तंबूच्या तळाशी खळगा पाडा आणि सुई त्या खळग्यात, चिरलेलं तोंड वर ठेवून, पाठीला समांतर सरकवा. वरून खाली उभी खुपसायची नाही. कातडी पार होताना हलकासा ‘टप्प’ जाणवतो. मग सुई मोकळी हलते. ती मोकळीक जाणवली नाही तर तुम्ही कातडीच्या थरातच आहात. आता धार कमी-जास्त करणारं नळीवरचं चाक पूर्ण उघडा. अर्धवट उघडून ‘सावकाश देऊया’ हा दयाळूपणा मांजराला नको असतो.

धार थांबली तर क्रमाने बघा: हवेचं झाकण, नळीची घडी, नळीवर बसलेलं मांजर. हे तिन्ही ठीक असेल तर सुईचं तोंड कातडीला चिकटलंय. सुई पाव फेरा फिरवा किंवा दोन मिमी मागे घ्या. दुसरीकडचे केस ओले लागले तर सुई पार गेलीय, चाक बंद करून काढा. एका जागी किलोमागे १० ते २० मिलीच्या पुढे जाऊ नका. चार किलोच्या मांजराला १०० मिली द्यायचं असेल तर दोन जागा करा. एकूण मात्रा आणि दिवसांचं अंतर डॉक्टरांनी ठरवलेलं. मोठ्या मांजराला बहुधा ७५ ते १५० मिली, रोजपासून आठवड्यातून दोनदापर्यंत काहीही असू शकतं.

आधी चाक बंद, मग सुई बाहेर, आणि भोकावर चिमूट अर्धा-एक मिनिट. थेंबभर गुलाबी पाणी आलं तर घाबरायचं नाही. पाठीवर उंटासारखं उठलेलं मदार काही तासांत ओसरतं, कधी खाली घसरून पुढच्या पायाशी किंवा छातीखाली लोंबतं. ते दिसायला विचित्र, पण निरुपद्रवी. मात्र दुसऱ्या खेपेच्या वेळी जुनं पाणी तसंच असेल तर नवं देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. अंग पाणी शोषत नाहीये याची कारणं गार पडलेलं शरीर, घसरलेला रक्तदाब, नाहीतर पाणी आधीच जास्त झालेलं, यांतलं काहीतरी असतं. एक-दोन दिवसांनी तीच जागा गरम, कडक, दुखरी झाली तर गळू.

जास्त पाण्याची पहिली खूण श्वासात दिसते. मांजर गाढ झोपलेलं असताना अर्धा मिनिट छातीचे उठाव मोजून दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर बरं. सलग काही वेळा ३० च्या वर यायला लागलं तर पुढची खेप रद्द आणि त्याच दिवशी दवाखाना. हे मोजणं आधी, मांजर ठीक असतानाच, चार-पाच दिवस करून ठेवा, म्हणजे त्याचं नेहमीचं किती ते कळतं. बाळांचा वजनकाटा, १० ग्रॅमचा फरक दाखवणारा, हे या यादीतलं सुईनंतरचं दुसरं कामाचं यंत्र: एका रात्रीत दीडशे ग्रॅमनी वाढलेलं वजन म्हणजे चरबी नव्हे, पाणी, आणि आठवड्यागणिक पन्नास-पन्नास ग्रॅमची घसरण डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी काट्याला दिसते.

मान छातीकडे पडलेली, चालताना मागचे पाय लटपटणारे, असं मांजर दिसलं तर पोटॅशियम तपासायचं. आरएलमधलं पोटॅशियम अशा मांजराला पुरत नाही. केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, १० मिलीची अँप्यूल मेडिकलमध्ये मिळते, तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट असतात, आणि काही जण ती घरीच बाटलीत ओततात. हे करू नका. कातडीखाली लिटरमागे ३०-३५ च्या वर गेलं की झोंबतं, आणि हिशेबात शून्य चुकलं तर हृदयाशी खेळ. ताज्या रिपोर्टवर डॉक्टरांनी मिसळून, हलवून, बाटलीवर लिहून दिलेलंच वापरा. रोज खाण्यात मिसळायचं पोटॅशियम त्याहून सोपं पडतं.

धरण्यासाठीच्या चेनवाल्या ‘कॅट बॅग’बद्दल थोडक्यात: नखं कापायला बऱ्या, सलाईनला निरुपयोगी, कारण जिथे टोचायचं तिथेच कापड येतं. प्रवासाच्या कॅरिअरचं वरचं अर्धं काढून खालच्या तबकात टॉवेल घालून मांजर बसवलं तर बहुतेक जण तिथे मुकाट बसतात. पुढे चाटायची ट्रीट. प्लास्टिकची गळ्यातली कॉलर या कामाला अजिबात नको, ती नळीत अडकते.

वापरलेल्या सुया टोपण न लावता थेट जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात. टोपण परत बसवताना बोटाला टोचणं हे घरी होणारं सगळ्यात नेहमीचं टोचणं आहे. फिनाइलची किंवा कपड्याच्या साबणाची रिकामी, झाकण फिरवून बंद होणारी बाटली चालते. दवाखान्यांना २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोसकणाऱ्या डब्यात जमा कराव्या लागतात, त्यामुळे तुमची भरलेली बाटली पुढच्या तपासणीला जाताना सोबत न्या आणि तिथे ती घेतात का ते आधी फोनवर विचारून ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुई टाकली की ती पिशवी उचलणाऱ्या माणसाच्या हातात जाते.